सुखाची अफू, दुखण्याची अफू : थॉमस डी क्विन्सीचं प्रकरण

इंग्रज कवी सॅम्युअल टेलर कोलरिज १८३४ साली वारला. त्याची शेवटची अठरा वर्षं जेम्स गिलमन या डॉक्टरच्या लंडनमधल्या घरी गेली होती. गिलमनने १८३८ साली त्याचं चरित्र छापलं. त्यात कोलरिजच्या हातचा थोडा मजकूर होता आणि त्यातला काही भाग एका हयात लेखकावर होता. त्याचा आशय असा : मी अफूच्या तावडीत सापडलो तो दुखण्यामुळे, नकळत. थॉमस डी क्विन्सी मात्र जाणूनबुजून त्या प्रवाहात उतरला. मी त्याला रडून बजावलं होतं. वर त्याने पुस्तक लिहून इतरांनाही निव्वळ चैनीखातर त्या वाटेला लावलं.

डी क्विन्सीला हे झोंबलं. जानेवारी १८४५ मध्ये ब्लॅकवुड्स मासिकात त्याने जाहीर उत्तर दिलं. तेवढ्याने भागलं नाही म्हणून १८५६ साली, सत्तरी उलटल्यावर, जुन्या पुस्तकाची वाढीव आवृत्ती काढताना त्याने तोच विषय पुन्हा उकरला. कोलरिजला होता तो साधा संधिवात, मला चेहऱ्याचा संधिवात आणि वर दातदुखी, आणि तीही दहा वर्षं अधूनमधून उठणारी, असं त्याचं म्हणणं. म्हणजे माझं दुखणं तुझ्याहून मोठं. दोघेही मरेपर्यंत अफू घेत राहिले. भांडण होतं ते सुरुवात कुणी दुखण्याने केली आणि कुणी मजेने, एवढ्यावरच.

आपल्याकडे व्यसनी मुलाचे आईवडील समुपदेशकापुढे बसले की हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. ‘याला काय कमी केलं होतं आम्ही?’ कमी काहीच नव्हतं, तर मग ही चैन. कमी असेल, काही सोसलं असेल, तर मग बिचारा. चैनीला शिव्या, दुखण्याला सहानुभूती. डी क्विन्सीचं प्रकरण सविस्तर पाहण्याचं कारण हे की या वाटणीला त्याच्या आयुष्याची हकिगत सरळ उलटी जाते. ज्या वर्षांत तो निव्वळ सुखासाठी अफू घेत होता त्या वर्षांत ती त्याच्या ताब्यात होती. दुखण्यासाठी घ्यायला लागला तेव्हा तो तिच्या ताब्यात गेला.

माणूस आणि कागद

जन्म १७८५, मँचेस्टर. वडील व्यापारी, लवकर गेले. मुलगा विलक्षण हुशार, ग्रीक अस्खलित बोलणारा. १८०२ साली, सतराव्या वर्षी, तो मँचेस्टरच्या शाळेतून पळाला. काही महिने वेल्समध्ये भटकला आणि मग लंडनच्या सोहो भागातल्या एका ओस घरात हिवाळा काढला. तिथे तो अक्षरशः उपाशी राहिला. ही उपासमार लक्षात ठेवायची, पुढे तिचा संबंध येतो. घरच्यांशी समेट झाल्यावर १८०३ च्या अखेरीस तो ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात दाखल झाला.

त्याची अफूची हकिगत ‘कन्फेशन्स ऑफ ॲन इंग्लिश ओपियम-ईटर’ या नावाने लंडन मॅगझिनच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर १८२१ च्या अंकांत आली, पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. साक्षीदार आणि रोगी एकच, आणि तोही कसलेला लेखक, तेव्हा प्रत्येक वाक्य पारखूनच घ्यायला हवं. मजकुराचे त्याने दोन भाग पाडले, आधी अफूची सुखं आणि मग अफूची दुःखं. या मांडणीने वाचकांची फार दिशाभूल केली असं माझं मत आहे. आधी मजा केली, मग भोगलं, अशी कीर्तनात शोभणारी गोष्ट तयार होते. पण त्याच मजकुरातल्या तारखा एकापुढे एक मांडल्या की क्रम वेगळाच दिसतो : दुखणं, मग सुख, मग पुन्हा दुखणं, आणि शेवटी अफूनेच निर्माण केलेलं दुखणं.

लंडनमधला रविवार

१८०४ चा शरद ऋतू. कॉलेजातून तो लंडनला आला होता. दात दुखायला लागला. रोज थंड पाण्याने डोकं धुण्याची सवय मोडल्यामुळे हे झालं अशी त्याची समजूत. म्हणून त्याने थंड पाण्यात डोकं बुडवलं आणि ओल्या केसांनीच झोपला. सकाळी डोकं आणि चेहरा ठणकत होता. वीसेक दिवस ठणका थांबला नाही. एकविसाव्या दिवशी, रविवारी, तो नुसता घराबाहेर पडला. वाटेत कॉलेजातला एक ओळखीचा भेटला आणि म्हणाला, अफू घेऊन बघ.

पाऊस पडत होता. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पँथिऑनजवळच्या एका औषधवाल्याकडून त्याने लॉडनम विकत घेतलं. लॉडनम म्हणजे अफूचा दारूत काढलेला अर्क. चिठ्ठी लागत नव्हती, नाव विचारलं जात नव्हतं. इंग्लंडमध्ये अफूच्या विक्रीवर पहिली खरी बंधनं आली ती १८६८ च्या फार्मसी कायद्याने, म्हणजे डी क्विन्सी मेल्यानंतर नऊ वर्षांनी. दुकानदाराने शिलिंगमधून खरीखुरी तांब्याची चिल्लर परत दिली, तीही एका साध्या लाकडी खणातून काढून, याचं त्याला पुढे आयुष्यभर नवल वाटत राहिलं. एवढी मोठी गोष्ट इतक्या मामुली हातांनी दिली!

घरी येऊन त्याने अर्क घेतला. तासाभरात दुखणं गेलं. पण दुखणं गेलं हे त्याच्या लेखी क्षुल्लक ठरलं, आणि या प्रकरणातलं हे कळीचं वाक्य आहे. वेदना जाणं हा उणा परिणाम, आणि तो त्यामागून उघडलेल्या अफाट सुखात कुठल्याकुठे बुडून गेला, असं तो लिहितो. सुख आता पेनीला विकत मिळतं आणि कोटाच्या खिशात बाळगता येतं, असंही लिहितो.

याच सुमाराला जर्मनीत झेर्ट्युर्नर नावाचा तरुण औषधविक्या अफूतलं मूळ द्रव्य वेगळं काढण्याच्या खटपटीत होता. त्याचंच नाव पुढे मॉर्फिन पडलं. वेदना थांबवणारं आणि आनंद देणारं द्रव्य एकच आहे. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) ते बसतं त्यांचा पत्ता १९७३ साली लागला. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच बनवत असलेली तशी द्रव्यं शोधली. तेव्हा १८०४ च्या त्या रविवारी डी क्विन्सीने अफू वेदनेसाठी घेतली की सुखासाठी, या प्रश्नाला त्याच्या शरीराकडून उत्तर मागण्यात अर्थ नाही. दुकानात शिरताना वेदनेसाठी आणि तासाभराने सुखासाठी, असं म्हणता येईल फार तर.

आठ वर्षांची शनिवार रात्र

पुढची आठ वर्षं, १८०४ ते १८१२, हा या प्रकरणाचा सर्वांत कमी वाचला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग.

तीन आठवड्यांतून एकदा, त्याहून जास्त नाही, असा त्याचा नेम होता. आणि दिवस बहुधा मंगळवार किंवा शनिवार, कारण त्या रात्री ऑपेरात ग्रासिनी ही इटालियन गायिका गायची. पाच शिलिंगात गॅलरीचं तिकीट मिळे. अफू घेऊन तो गाणं ऐकत बसे. कधी शनिवारी रात्री पगार घेऊन बाजारहाटाला निघालेल्या गरिबांच्या गर्दीत फिरे, त्यांच्या पाव-कांदा-लोण्याच्या भावावरच्या चर्चेत भाग घेई, मैलोगणती चाले. अफू घेतलेला माणूस कोपऱ्यात पेंगत पडतो ही कल्पना त्याने निक्षून खोडून काढली आहे.

हे सुख कशाचं बनलं होतं ते पाहा. गाणं होतं, त्यासाठी तीन आठवडे वाट पाहणं होतं, शहर होतं, पायांत बळ होतं, खिशात पैसे होते, दुसऱ्या दिवशी वाचायला पुस्तकं होती. अफू त्या रात्रीचा एक भाग होती. १८०९ साली तो इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या मुलुखात ग्रासमिअरला कवी वर्ड्सवर्थच्या जुन्या घरात, डव्ह कॉटेजमध्ये, राहायला गेला. ऑपेरा सुटला, कांट आणि फिश्टे हे जर्मन तत्त्वज्ञ सुरू झाले, पण शनिवारची अफू तशीच राहिली. १८१२ सालाबद्दल तो लिहितो की मी अजून हौशीच आहे. मधे पुरेसे दिवस जाऊ द्यायचे एवढी एकच काळजी घेतली, तर आठ वर्षांच्या सरावानेसुद्धा अफू रोजची गरज झाली नाही.

हा दावा जसाच्या तसा गिळावा असं मी म्हणत नाही. हौशी माणूस आपली मात्रा कमी सांगतो, अंतर वाढवून सांगतो, हे कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रातला कार्यकर्ता सांगेल. पण तीन आठवड्यांऐवजी दहा दिवस धरा, तरी फरक पडत नाही. त्याची मात्रा आणि त्याचं आयुष्य या काळात कोसळलेलं नाही. तो शिकतोय, मित्र जोडतोय. १८०७ साली त्याने कोलरिजला गाठलं आणि त्याची ओढगस्त पाहून प्रकाशक कॉटलमार्फत, नाव न सांगता, तीनशे पौंड पोचवले. त्याच भेटीत सूर्यास्ताच्या सुमाराला दोघे फिरायला गेले असताना कोलरिजने आपण अफूचे गुलाम झालो आहोत हे त्याला घाबऱ्या स्वरात सांगितलं होतं. कोलरिजने आपल्याला या सवयीविरुद्ध बजावलं होतं, हे डी क्विन्सीने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

या शनिवारच्या अफूला दुसरीही एक बाजू होती. मँचेस्टरच्या काही गिरणीमालकांनी त्याला सांगितलं होतं की शनिवारी दुपारपासून तिथल्या औषधवाल्यांच्या फळ्यांवर एक, दोन, तीन ग्रेनच्या अफूच्या गोळ्या ओळीने मांडून ठेवलेल्या असतात, संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी. कारण मजुरी इतकी कमी की बिअर परवडत नाही. ऑपेराच्या गॅलरीतल्या अफूला आपण सुख म्हणतो, गिरणी कामगाराच्या अफूला काय म्हणायचं? आठवडाभराच्या शिणावर उतारा म्हटलं तर ते दुखणं, सुट्टीची मौज म्हटलं तर ते सुख. त्या कामगाराने स्वतः असं काही ठरवलं असेल असं वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जात. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने त्या प्रथेची दखल घेतली. तिथे तर अफू एकाने घ्यायची आणि सुटका दुसऱ्याची व्हायची.

१८१३

जून १८१२ मध्ये वर्ड्सवर्थची तीन वर्षांची मुलगी कॅथरीन अचानक गेली. डी क्विन्सीचा तिच्यावर फार जीव होता. दोन महिने तो रात्री जाऊन तिच्या थडग्यावर पडून राहत असे, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्याच्या तब्येतीने त्यानंतर मार खाल्ला. १८१३ साली पोटात असह्य जळजळ सुरू झाली. हे दुखणं नवं नव्हतं. लंडनमधल्या उपासमारीनंतर अठराव्या वर्षी ते पहिल्यांदा झालं होतं, चोविसाव्या वर्षापर्यंत दबून होतं, मग तीन वर्षं अधूनमधून डोकं वर काढत होतं. आता ते जोराने परतलं आणि कशालाही दाद देईना.

इथून तो रोज अफू घेऊ लागला. या तारखेपासून मला पक्का अफूबाज समजा, अमुक दिवशी अफू घेतली का हे विचारणं म्हणजे अमुक दिवशी श्वास घेतला का असं विचारणं, या अर्थाचं त्याचं म्हणणं आहे. आणि लगेच बजावतो, ही रोजची अफू सुखासाठी नव्हती, तीव्र वेदना कमी करण्यासाठी होती.

तो हे सफाई म्हणून सांगतो. मला ते निदान म्हणून महत्त्वाचं वाटतं. शनिवारच्या अफूला अंगचीच एक सीमा होती. सुखाला वेळ-काळ लागतो, संगत लागते, गाणं लागतं. सुख रोज घेतलं की फिकं पडतं हे घेणाऱ्याला लगेच कळतं, म्हणून तो अंतर राखतो. डी क्विन्सीने ते सुख टिकावं म्हणूनच राखलं. दुखण्याला असं काही नसतं. दुखणं सोमवारी सकाळी असतं, जेवल्यावर असतं, रात्री दोन वाजता असतं. अफू घेतल्यावर ते थांबतं, अंमल उतरला की येतं, आणि येताना पुढच्या मात्रेचं कारण घेऊनच येतं. शिवाय औषध म्हणून घेतलेल्या घोटाचा हिशेब मन ठेवत नाही. चैनीच्या तिसऱ्या पेल्याला माणूस स्वतःला टोकतो, औषधाच्या तिसऱ्या चमच्याला टोकत नाही, घरचेही टोकत नाहीत.

शरीराचं गणितही इथेच बदलतं. मधे पंधरा-वीस दिवस गेले तर मज्जासंस्था पूर्वपदावर येते. दिवसातून अनेकदा मात्रा मिळू लागली की ती स्वतःला अफू गृहीत धरून लावून घेते आणि तीच मात्रा अपुरी पडू लागते. तीन वर्षांत तो दिवसाला ३२० ग्रेन अफूपर्यंत, म्हणजे त्याच्याच हिशेबाने लॉडनमच्या आठ हजार थेंबांपर्यंत, पोचला. आपल्या जुन्या मापात पावणेदोन तोळे. सवय नसलेल्या कितीतरी माणसांचा जीव घेईल एवढी ही रोजची अफू.

मागच्या आठ वर्षांच्या हौसेचा यात वाटा नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. अफूने पोट थांबेल हे त्याला आधीच ठाऊक होतं, भीती मोडलेली होती, दुकान माहीत होतं. शिवाय १८१३ चं दुखणं निव्वळ पोटाचं होतं असं मानायला मी तयार नाही. एका पोरीच्या मरणाचं दुःख आणि आतड्याची जळजळ ही दोन दुखणी त्याच्या शरीरात एकमेकांत मिसळली होती, आणि अफू दोन्ही एकदम शांत करते. पुढची कित्येक वर्षं नेमकं काय शांत होतंय हे त्यालाही वेगळं सांगता आलं नसतं.

मधे एक चांगलं वर्ष आलं. १८१६ च्या आसपास त्याने मात्रा एकदम आठव्या हिश्शावर, ४० ग्रेनवर, आणली आणि डोक्यावरचं ढगाळ सावट उडून गेलं. कांट पुन्हा समजू लागला. फेब्रुवारी १८१७ मध्ये मार्गारेट सिम्पसनशी लग्न झालं. ४० ग्रेन म्हणजे तरीही पावणेतीन मासे, पण मात्रा उतरवत आलेल्या माणसाला तेवढ्यानेही मोकळं वाटतं. याच काळातली ती प्रसिद्ध हकिगत : कुणी मलायी खलाशी वाट चुकून दारात आला, डी क्विन्सीने त्याच्याशी चक्क इलियडमधल्या ग्रीक ओळी म्हटल्या आणि जाताना अफूचा मोठा खडा हातावर ठेवला. पाहुण्याने तो एका घासात गिळला. पुढे अनेक दिवस कुठे प्रेत सापडल्याची बातमी येते का म्हणून यजमान धास्तावलेला. प्रसंग घडला की रचला यावर अभ्यासकांत वाद आहे. रचला असेल तरी रचणाऱ्याला मात्रेची जाण पक्की होती.

दुखणं औषधाचंच

त्यानंतरच्या चार वर्षांना त्याने दुःखांचा भाग म्हटलं आहे. लोकांना त्यातली स्वप्नं आठवतात. पाण्याचे विस्तार, चेहऱ्यांचे समुद्र, शंभर वर्षांएवढी लांबलेली एक रात्र. मे १८१८ पासून तो मलायी रोज रात्री त्याला आशियात घेऊन जाऊ लागला. ब्रह्मदेवाच्या कोपापासून पळतोय, विष्णू द्वेष करतोय, शिव दबा धरून बसलाय, असं तो लिहितो. आशियात कधी पाऊलही न ठेवलेल्या इंग्रजाच्या उशाशी आपली त्रिमूर्ती अशी उभी राहिलेली वाचताना हसूही येतं आणि साम्राज्याची भीती कुठल्या रूपाने घरी परतते तेही दिसतं. याच माणसाने १८४० साली, मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांतून जाणारी अफू चीनने अडवल्यावर, ब्लॅकवुड्समध्ये चीनविरुद्धच्या युद्धाची तरफदारी केली. आपल्या पोटाचं दुखणं त्याला चीनमधल्या पोटांबद्दल काहीच शिकवून गेलं नाही.

माझ्या दृष्टीने स्वप्नांपेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक म्हणजे त्याचं कामच थांबलं. अर्थतज्ज्ञ रिकार्डो वाचून अर्थशास्त्रावर त्याने पुस्तक लिहायला घेतलं, अर्पणपत्रिका अडली, प्रस्तावना अडली, पुस्तक पडून राहिलं. पत्रांना उत्तरं जात नव्हती, घरचे हिशेब मार्गारेट पाहत होती. अफूबाजाची सदसद्बुद्धी मरत नाही, करावंसं तेवढंच वाटत राहतं, पण हातून होत नाही, असं त्याने म्हटलं आहे. यात सुखाचा लवलेशही नाही आणि वेदनेवर उताराही नाही, तरी अफू चालूच. सुख किंवा दुःख, यांपैकी एकाच्या तराजूत व्यसन मोजणाऱ्याने या अवस्थेचं काय करायचं?

दुसरी गोष्ट १८२२ च्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात आहे. मासिकात त्याने आपण साखळी जवळजवळ पूर्ण सोडवल्याचं सूचित केलं होतं, ते खरं नव्हतं. तेव्हाही रोजचे १७०-१८० थेंब चालू होते, कधी पाचशेपर्यंत. परिशिष्टात त्याने २४ जूनपासूनच्या पाच आठवड्यांचा रोजच्या थेंबांचा तक्ताच छापला. सुरुवात १३० थेंबांनी. मग ८० वर उतरतो. तिसऱ्या आठवड्यात एकदम ३००. पुन्हा उतार. पाचव्या आठवड्यात ६०, मग सलग तीन दिवस काहीच नाही, मग २००, मग पुन्हा काहीच नाही. ज्याने ज्याने कुणाला असं काही सोडताना जवळून पाहिलंय त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील.

त्यासोबतच्या तक्रारी अशा : सलग दोन दोन तास शिंका, घाम, अस्वस्थपणा, झोप नाही, पोटात कालवाकालव. अफूच्या इतक्या वर्षांत एकदाही सर्दी-खोकला झाला नव्हता, तो सोडताना जोराने आला. साहजिक आहे, अफू खोकला दाबते, पुढे खोकल्याच्या औषधांत गेलेलं कोडीन १८३२ साली तिच्यातूनच निघालं. हा अजीर्णाचा प्रकार असेल का असं त्याने एका सर्जनला विचारलं. सर्जनचं उत्तर मला थक्क करतं. तो म्हणाला, अजीर्ण नव्हे, हे पचनच आहे. पचन एरवी आपल्या नकळत चालतं. इतकी वर्षं अफू घेऊन पोट असं बिघडलंय की ते तुम्हाला जाणवायला लागलंय.

सर्जनने तेव्हा जे निरीक्षणाने ओळखलं त्याला आज शास्त्राचा आधार आहे. अफूच्या जातीची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये वेदनेची जाणीवच तीव्र होऊ शकते, साधी संवेदना दुखू लागते. १९७४ साली सॉलोमन आणि कॉर्बिट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की प्रत्येक सुखावणाऱ्या धक्क्याला शरीर उलट्या दिशेचा धक्का देऊन तोल सावरतं, आणि पुनरावृत्तीने तो उलटा धक्का बळावत जातो. म्हणजे १८१३ चं पोट उपासमारीचं असेल, १८२२ चं पोट बऱ्याच अंशी अफूचं होतं. रोगी मात्र तीच ती जुनी व्याधी समजून तेच ते औषध घेत राहतो, आणि विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतो की दुखण्यासाठी घेतो.

पुन्हा ते भांडण

आता कोलरिजचा दावा पाहा. मी दुखण्यामुळे सापडलो म्हणून माझा दोष नाही. नैतिकदृष्ट्या ते मान्य करून टाकू. पण त्यातून तो आणखी एक गोष्ट सुचवतो, की दुखण्याने आलेली अफू आणि चैनीची अफू यांच्या जाती वेगळ्या. ते चूक आहे. आणि डी क्विन्सीचा पलटवार, की कोलरिजनेही सुरुवात संधिवाताने करून पुढे सुखासाठीच चालू ठेवली, तोही अर्धवट आहे. दोघांनाही एकच पदवी हवी होती, खऱ्या रोग्याची. डी क्विन्सी कर्जापायी १८३० च्या दशकात एडिंबराच्या हॉलिरूड परिसरात, जिथे कर्जदाराला अटक होत नसे, लपून राहिला. १८४४ साली पुन्हा मात्रा तोडण्याची झुंज झाली. १८५९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो वारला. एवढं सगळं मागे असताना १८५६ साली दातदुखीची तुलना करत बसणं यातच कळतं की समाज कुठल्या खिडकीवर माफी देतो.

ही समजूत कवींपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. १० जानेवारी १९८० च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बॉस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत, व्यसनाची नीट नोंद झालेली प्रकरणं फक्त चार सापडली, असं त्यात होतं. रुग्णालयात, देखरेखीखाली, थोड्या मुदतीसाठी, हे सगळं पुढे गळून पडलं आणि उरलं ते एवढंच की खरं दुखणं असलेल्याला व्यसन लागत नाही. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकाँटिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आणलं, तेव्हा कंबरदुखीपासून सगळ्या जुनाट दुखण्यांवर महिनोन्‌महिने अशा गोळ्या देण्याला याच समजुतीचा टेकू होता. २००७ साली औषधाच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने कबूल केला. तोवर अमेरिकेतल्या अनेक गावांत १८१३ घडून गेलं होतं.

भारतात तीच समजूत उलट्या बाजूने राबली. इथे सुखाची धास्ती इतकी की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन बाळगायला राज्यागणिक वेगवेगळे परवाने लागू लागले, कागदपत्रांना कंटाळून रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्याने अफू पिकत होती, आणि त्याच देशात हाडांपर्यंत पोचलेल्या कर्करोगाचे रोगी पॅरासिटॅमॉलवर रात्र काढत होते. कारण कुणीतरी त्यातून मजा करेल. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी एकच परवाना पुरेसा ठरला. तरीही रोग्याचा मुलगा डॉक्टरला हळूच विचारतो, ‘याची सवय तर नाही ना लागणार बाबांना?’ बाबांच्या हातात कधीकधी दोन महिने असतात. त्या मुलाला द्यायचं उत्तर डी क्विन्सीच्या तक्त्यात आहे : किती, किती वेळा, किती दिवस, आणि मात्रा कुणाच्या नजरेखाली, हे ठरवा. कशासाठी घेतात हे त्यानंतर विचारलं तरी चालतं.